प्रिन्सिपल सिस्टर बदलल्या, आता मुलींसाठी नेमकं काय मागायचं? (इंदूर)

शिप्राकाठ

नमस्कार मंडळी. मी इंदूरची. मुलगी नववीत आहे, शहरातल्या एका जुन्या कॅथलिक मुलींच्या शाळेत. शाळेचं नाव लिहीत नाही. कुणी ओळखलंच तर कृपया इथे लिहू नका, मुलींना रोज तिथेच जायचंय.

एप्रिलमध्ये नवं सत्र लागतानाच आधीच्या प्रिन्सिपल सिस्टरची बदली झाली. कितीतरी वर्षं त्याच होत्या. सकाळी गेटवर उभ्या राहून मुलींना नावाने हाक मारायच्या. पालकांना एक व्हॉट्सॲप सूचना आली, बस. नव्या सिस्टर दुसऱ्या राज्यातून आल्या आहेत. वेळेच्या पक्क्या. फीच्या खिडकीवरचा आणि बसच्या रांगेचा वर्षानुवर्षांचा गोंधळ त्यांनी आल्या आल्या मिटवला, ते मोकळेपणाने सांगायलाच हवं.

पण मुलींचं सांगते. समुपदेशक मॅडमची खोली आधी लायब्ररीच्या मागे होती, सहसा कुणाच्या नजरेत न येणारी. आता ती अकाउंट्स ऑफिसला लागून आहे आणि दारासमोर फी भरणाऱ्या पालकांची रांग. जायचं असेल तर वर्गशिक्षिकेच्या रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि 'कारण' लिहायचं. ते रजिस्टर टेबलावर उघडंच असतं. लेकीच्या वर्गातल्या एकीने कारणाच्या रकान्यात 'पोटदुखी' लिहिलं. तिला सिक रूममध्ये नेलं, ओआरएस पाजलं आणि परत वर्गात आणून बसवलं. त्यानंतर त्या वर्गातून कुणी गेलेलंच नाही.

तास चालू असताना बाथरूमला कुलूप असतं, किल्ली पीटीच्या मॅडमकडे. मुली पाणीच पीत नाहीत. लेकीची बाटली सकाळी भरून देते तशी संध्याकाळी परत येते. पाळीच्या दिवसांत या मुली काय करत असतील, विचार करवत नाही.

शिवाय सेक्शन आता मार्कांप्रमाणे आहेत, आणि युनिट टेस्टची यादी पहिल्या नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंत जिन्याजवळच्या बोर्डावर. येता-जाता सगळी शाळा वाचते.

काही पालक जुन्या सिस्टरना परत आणण्यासाठी सह्यांची मोहीम काढताहेत. माझ्याकडेही कागद आलाय. मन धजत नाहीये, पण त्याऐवजी काय मागावं तेही उमजत नाहीये. जाणकारांनी सांगा.

सुदामानगर

ताई, सही करून टाका. आमच्याही घरी रोज रडारड आहे. पालक एकत्र आले की शाळा हलते, त्याशिवाय हलत नाही. जुन्या सिस्टर होत्या तोवर माझी मुलगी तापात असली तरी शाळेत जायचा हट्ट करायची.

वसईकरीण

मी मूळची वसईची, लग्न होऊन इंदूरला आले. स्वतः कॅथलिक, आणि माझी सख्खी आत्या धर्मभगिनी आहे, म्हणून थोडं आतलं सांगते.

सिस्टरांची बदली ही नोकरीतल्या बदलीसारखी नसते. व्रतं तीन असतात: निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. प्रोव्हिन्शियलकडून, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुख सिस्टरकडून, पत्र आलं की निघायचं. आत्याने एका शाळेत उभी हयात काढल्यासारखं काम केलं आणि दोन बॅगा घेऊन गेली. मुलींचा निरोप घेताना ती रडली, पण 'मला राहू द्या' असं तिने कुणाला म्हटलं नाही. आपल्याकडच्या सिस्टर राणी मारियांचंच बघा. आधी बिजनौर, मग सतन्याकडे ओडगडी, मग देवास जिल्ह्यातलं उदयनगर. तिथे शेतकरी-मजुरांना सावकारीतून सोडवायचं काम करताना १९९५मध्ये त्यांची हत्या झाली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरलाच त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. सिस्टरांचं आयुष्य असंच फिरतं असतं. एका जागी रुजायचं नाही, हे त्यांनी स्वतःहून स्वीकारलेलं असतं.

त्यामुळे सह्यांच्या मोहिमेने दोन गोष्टी होतात. जुन्या सिस्टरांवर ठपका येतो की यांनीच पालकांना उठवलं. आणि नव्या सिस्टरांना पहिल्याच सत्रात कळतं की पालक आपल्या विरोधात आहेत. मग त्या आणखी मिटून जातात. या नव्या सिस्टरसुद्धा कुठली तरी शाळा, कुठल्या तरी मुली मागे ठेवून आल्या आहेत, अनोळखी शहरात. त्यांच्याशी भांडण्याआधी एकदा बसून बोललंय का कुणी?

मालवी_बाप

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. मोठी मुलगी याच प्रकारच्या शाळेतून गेल्या वर्षी बारावी झाली. शेवटची दोन वर्षं शिस्त फार ढिली झाली होती. समुपदेशनाच्या नावाखाली गणिताच्या तासाला मुली उठून जायच्या. बाथरूममध्ये मोबाइल सापडले होते. नव्या माणसाला हे सगळं हातात घ्यावंच लागतं. आणि मार्कांची यादी लागली तर बिघडलं काय? भंवरकुव्याला कोचिंगमध्ये दर आठवड्याला टेस्टची रँक लागते, तिथे आपण पैसे भरून पाठवतो. जगात स्पर्धा आहे, ती शाळेत दिसली तर मुली तयार होतात.

जुनी_विद्यार्थिनी

मालवी_बाप, मी ऐंशीच्या दशकात इंदूरच्या कॉन्व्हेंटमध्ये होते. शिस्त म्हणजे काय ते आम्हाला सांगू नका. रिबिनीची लांबी मोजली जायची, मराठी बोललं तर दंड. इंग्रजी, शिवण, रांगेत उभं राहणं, वेळ पाळणं, सगळं तिथून मिळालं आणि मी ऋणी आहे. पण आमच्या वर्गातली एक हुशार मुलगी आठवीनंतर शाळेत आली नाही आणि का आली नाही हे कुणी विचारलं नाही. घरी तिला काय सोसावं लागत होतं ते आम्हाला वीस-पंचवीस वर्षांनी कळलं. तिच्याशी दार लावून दहा मिनिटं बोलणारं एक माणूस शाळेत असतं तर तिचं आयुष्य वेगळं झालं असतं, हे मी आजही मानते. शिस्त तेव्हाही होती. बोलायची जागा नव्हती.

आणि बाथरूममध्ये मोबाइल सापडला म्हणून कुलूप? मोबाइल गेटवर तपासा. मुलींची लघवी का अडवता?

फळा_खडू

मी शिक्षिका आहे, दुसऱ्या मिशनरी शाळेत. आतली बाजू सांगते. नवी प्रिन्सिपल येते तेव्हा तिच्या टेबलावर पहिल्या दिवशी असतं काय, तर बोर्डाचा निकाल, संलग्नतेची कागदपत्रं, बसचे फिटनेस, कमी होणारे प्रवेश. आधीच्या सिस्टर मुलींसाठी जे करायच्या त्यातलं कागदावर काहीच नसतं. गेटवर उभं राहणं हे कुठल्या फाइलमध्ये लिहिणार? अमुक मुलीचे वडील वारले आहेत, तमुक मुलगी जेवत नाही, ही माहिती सिस्टरांच्या डोक्यात असते आणि ती त्यांच्याबरोबर निघून जाते. आमच्याकडे बदली झाली तेव्हा चार्ज देताना स्टॉक रजिस्टर, कॅशबुक, लॅबची यादी, सगळ्यावर सह्या झाल्या. मुलींबद्दल एक ओळ नव्हती.

कुलपाचंही सांगते. बहुतेक ठिकाणी ते प्रिन्सिपल ठरवत नाहीत. सफाईच्या बाया कमी केल्या की बाथरूम दिवसभर स्वच्छ ठेवता येत नाहीत, मग कुणीतरी कुलपाचा सोपा उपाय काढतं. तुमच्या सिस्टरांना ते माहीत तरी आहे का, हे आधी विचारा.

न्यायमंदिर

वकिली करतो, इंदूर खंडपीठात. मुद्द्याचं तेवढं लिहितो.

जुन्या सिस्टरांना परत आणा, ही मागणी कायद्याने कुठेही टिकत नाही. राज्यघटनेच्या कलम ३०(१)ने अल्पसंख्याकांना आपली शिक्षणसंस्था चालवायचा अधिकार आहे. १९७४च्या अहमदाबाद सेंट झेवियर्स कॉलेजच्या निकालापासून २००६च्या मलंकारा सीरियन कॅथलिक कॉलेजच्या निकालापर्यंत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की संस्थाप्रमुख निवडणं हा त्या अधिकाराचा गाभ्याचा भाग आहे. सरकारलाही त्यात फारसा हात घालता येत नाही, तिथे पालकांचं काय. पण त्याच निकालांत हेही आहे की चालवण्याचा अधिकार म्हणजे वाटेल तसं चालवण्याचा अधिकार नव्हे. विद्यार्थ्यांचं आरोग्य, सुरक्षितता, शिक्षणाचा दर्जा यांचे नियम अल्पसंख्याक शाळेलाही लागू होतात.

आता मागायचं काय? २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल पंधरा निर्देश दिले. नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीचा विशाखापट्टणममध्ये मृत्यू झाला होता, त्यातून हा निकाल आला. कायदा होईपर्यंत हे निर्देश देशभर बंधनकारक आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. सर्व कर्मचाऱ्यांचं वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक वर्गात आणि सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी मोठ्या अक्षरांत लावलेला हवा. आणि मालवी_बाप यांच्यासाठी: मार्कांवरून वर्ग वेगळे पाडणं आणि चारचौघांत लाज आणणं शक्यतो टाळावं, असं त्यात म्हटलंय, आणि तिथे कोचिंगवाल्यांचा खास उल्लेख आहे. म्हणजे भंवरकुव्याचं उदाहरण तुमच्या बाजूने उभं राहत नाही.

एक सावधगिरी. बरेच पालक शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ पुढे करतात, म्हणजे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घालणारं. २०१४च्या प्रमती निकालाने तो कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका पीठाने त्या निकालावर शंका घेतली आहे, पण आज त्याच्या भरवशावर पत्र लिहू नका.

शिप्राकाठ

वसईकरीणताई, फळा_खडूताई, वकीलसाहेब, मनापासून आभार. सह्यांचा कागद मी परत केला. कुलपाबद्दल त्यांना माहीत नसेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

मालवी_बाप, तुमच्या मुलीचं झालं, चांगलं झालं. माझ्या मुलीच्या वर्गात यादीतल्या शेवटच्या नंबराच्या मुलीजवळ आता डब्याला कुणी बसत नाही. चौदा वर्षांची मुलगी स्पर्धेसाठी तयार होतेय असं मला त्यात दिसत नाही.

खिडकी

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते, म्हणून खोलीबद्दल आणि रजिस्टरबद्दल जरा सविस्तर लिहिते. या धाग्यातली सगळ्यात गंभीर गोष्ट मला तीच वाटते.

मुलगी समुपदेशकाकडे येते ती सहसा पहिल्या भेटीत खरं सांगत नाही. आधी अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणते, मैत्रिणीशी भांडण झालं म्हणते. दोन-तीन वेळा येऊन ती समोरच्या माणसाची परीक्षा घेते. हे ऐकून कुणाला सांगता का, चेहरा बदलतो का, आईला फोन जातो का. मग कधीतरी दारात उठून जाता जाता मुद्द्याचं वाक्य बोलते. हा सगळा प्रवास 'कारण' लिहून सुरूच होऊ शकत नाही. ज्या मुलीला घरातल्या कुणाच्या स्पर्शाबद्दल सांगायचंय ती उघड्या वहीत काय लिहील? पोटदुखीच लिहील. त्या मुलीला खरंच काय सांगायचं होतं, ते आता कुणाला कळणार नाही. कदाचित साधंच काही असेल. पण शाळेला ते कळायचा मार्ग बंद झाला.

तास बुडवायला मुली येतात का? येतात, थोड्याफार. त्या दोन भेटींत ओळखू येतात आणि त्यांच्याशीही बोलायचं असतंच, कारण गणिताच्या तासाला रोज पळणाऱ्या मुलीचं गणिताशी किंवा शिक्षकाशी काहीतरी बिनसलेलं असतं. एनसीईआरटीने २०२२मध्ये देशभरातल्या सुमारे ३.७९ लाख विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यात ८१ टक्क्यांनी चिंतेचं कारण अभ्यास, परीक्षा आणि निकाल हेच सांगितलं होतं.

करता येण्याजोगं हे आहे. रजिस्टरऐवजी वेळेची चिठ्ठी. तिच्यावर फक्त 'अमुक वाजता कार्यालयात बोलावलंय' एवढंच, कारण नाही. तीच चिठ्ठी ग्रंथालयासाठी, क्रीडा विभागासाठी, सगळ्यासाठी वापरायची, म्हणजे कोण कुठे चाललंय ते कळत नाही. मोजदाद ठेवायची तर महिन्याला किती मुली आल्या हा आकडा ठेवा, नावं नकोत. खोली परत आत न्या. आणि समुपदेशक मॅडमना बदलीच्या शिक्षिकेसारखं रिकाम्या तासांना पाठवणं बंद करा. सकाळी जिने भूगोलाच्या वहीसाठी ओरडलं तिच्याकडे दुपारी मुलगी मन मोकळं करत नाही.

पालकांनी एक गोष्ट मात्र समजून घ्यावी. गोपनीयता म्हणजे सगळंच झाकून ठेवणं नव्हे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, मग समुपदेशक असो, प्रिन्सिपल असो वा शिपाई. न कळवणं हा गुन्हा आहे. मुलीच्या जिवाला धोका दिसला तरी आम्ही गप्प बसत नाही. हे मुलींना पहिल्याच भेटीत सांगायचं असतं.

तोपर्यंत घरी हे दोन क्रमांक फ्रिजवर लावा: चाइल्डलाइन १०९८ आणि टेलिमानस १४४१६. दोन्ही चोवीस तास, फुकट. मुलीला समोर बसवून नका सांगू, नुसते लावा.

सुदामानगर

खिडकीताई, लावले. धन्यवाद. सह्यांच्या कागदावरून माझंही नाव काढायला सांगते. पण मग करायचं काय? एकेकटं जाऊन सिस्टरांना भेटायचं? त्यांच्या समोर गेलं की बोलायचं सुचत नाही हो.

वसईकरीण

चौघी-पाचजणी मिळून जा, वेळ मागून. दुपारी शाळा सुटल्यावर जा, सकाळी नको. सुरुवात बसच्या रांगेने करा. त्यांनी ते नीट केलंय आणि कुणी शब्दाने आभार मानले नसतील. खुशामत म्हणून नव्हे, खरं आहे म्हणून. मग कुलपाचं सांगा, कारण ते ऐकून कुठल्याही बाईला लगेच कळतं. यादी आणि सेक्शन शेवटी.

काहीच हललं नाही तर वरचे दरवाजे आहेत. संस्थेच्या प्रोव्हिन्शियल आहेत. चर्चच्या कायद्यातल्या कलम ८०६प्रमाणे बिशपना आपल्या धर्मप्रांतातल्या कॅथलिक शाळांना भेट देऊन देखरेख करायचा अधिकार आहे, सिस्टरांनी चालवलेल्या शाळांवरसुद्धा. पण तिथे पहिल्याच दिवशी जाऊ नका.

न्यायमंदिर

आणि तोंडी बोललात तरी एक पानाचं पत्र देऊन पोच घ्या. भांडायला नव्हे. उद्या या सिस्टरांचीही बदली होईल. पत्र फाइलमध्ये राहील.

फळा_खडू

वकीलसाहेबांचं शेवटचं वाक्य पत्रातच घाला. प्रिन्सिपल बदलताना चार्जच्या कागदांत मुलींच्या काळजीचं एक पान असावं अशी मागणी करा: समुपदेशकाचे तास, खोली कुठली, वर्षातली दोन प्रशिक्षणं कधी झाली, आजारी किंवा अडचणीतल्या मुलींसाठी कुठली शिक्षिका नेमली आहे. मुलींची नावं त्यात नकोत, ती समुपदेशकाच्या कुलुपात. एवढं असेल तर कुणीही सिस्टर आली तरी शून्यापासून सुरुवात होत नाही.

शिप्राकाठ

भेट झाली. आम्ही पाचजणी गेलो होतो. सविस्तर लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.

सिस्टरांनी आधी अवघडून ऐकलं. बसच्या रांगेबद्दल बोललो तेव्हा त्यांनी मान वर केली. कुलपाचं खरंच त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे पीटीच्या मॅडमना बोलावलं. दुपारच्या पाळीला सफाईची बाई नाही म्हणून सत्राच्या सुरुवातीपासून कुलूप लावलं जातंय, असं त्या म्हणाल्या. सिस्टर काही वेळ बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, उद्यापासून उघडं. आणि उघडं आहे, लेकीने सांगितलं. पॅडची पेटीही आत ठेवली आहे. दुपारची बाई अजून नेमलेली नाही, त्यामुळे स्वच्छतेचं रडगाणं आहेच, ते पुढच्या पीटीएममध्ये काढू.

रजिस्टरवर त्या अडल्या. त्यांच्या आधीच्या शाळेत एक मुलगी तासाला म्हणून निघाली आणि आवाराबाहेर गेली होती, त्यामुळे कोण कुठे आहे हे कळलंच पाहिजे यावर त्या ठाम आहेत. खिडकीताईंची चिठ्ठीची कल्पना सांगितली तेव्हा त्यांनी ती लिहून घेतली. कारणाचा रकाना लगेच काढला. चिठ्ठ्या छापून आल्या की रजिस्टरही बंद होईल म्हणाल्या.

खोली सहामाहीनंतर हलवू म्हणाल्या, कारण लायब्ररीमागच्या जागेत आता परीक्षेचं सामान आहे. ते मला पटलं नाही आणि तसं मी सांगितलं. सामान अकाउंट्सजवळ ठेवता येतं, मुलींना नाही. त्यावर 'बघते' एवढंच उत्तर मिळालं.

सेक्शन या वर्षी बदलणार नाहीत. यादी बोर्डावरून काढली, आता मार्क डायरीत येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत पत्राला जोडली होती, ती त्यांनी ठेवून घेतली. चार्जच्या पानाबद्दल म्हणाल्या की प्रोव्हिन्शियलना विचारावं लागेल, त्यांच्या सगळ्या शाळांचा प्रश्न आहे. पत्राची पोच मिळाली, शिक्क्यासह.

निघताना त्यांनी विचारलं, आधीच्या सिस्टर गेटवर किती वाजता उभ्या राहायच्या.

मालवी_बाप

यादी काढली ते मला अजूनही पूर्ण पटत नाही. पण कुलपाचं वाचून धाकटीला विचारलं, ती दुसऱ्या शाळेत सातवीत आहे. तिच्याही शाळेत हेच आहे आणि तीही पाणी पीत नाही. शिप्राकाठताई, पत्राचा मसुदा मिळेल का? आमची शाळा मिशनरी नाही, एमपी बोर्डाची खाजगी आहे.

शिप्राकाठ

जरूर, व्यक्तिगत निरोपात पाठवते. तुमच्याकडे कलम ३०चा परिच्छेद काढून टाका.

न्यायमंदिर

आणि मालवी_बाप, तुमच्या शाळेला शिक्षण हक्क कायदा लागू आहे. मुलगी सातवीत, म्हणजे कलम १७ तुम्ही खुशाल घाला. २०२५च्या निकालाची प्रत सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहे, निर्देशांची पानं तेवढी छापून जोडा.